दहावीची परीक्षा, उन्हाळा आणि तुमचे छंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की हे प्रश्न यायला लागतात आणि मे संपेपर्यंत येतच राहतात. विचारणारे बहुतेक नववी-दहावीतले, काही त्यांच्या आया, थोडे वडील. प्रश्न शक्यतो आले त्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं राज्य मंडळाच्या मुलांना धरून लिहिली आहेत. सीबीएसईवाल्यांनी प्रश्न १७ आणि गोव्यातल्यांनी प्रश्न १८ आधी वाचावा.

१. ताई, दहावीचं वर्ष म्हटल्यावर छंद बंदच करायचा असतो का? घरी, क्लासला, शेजारी सगळे हेच सांगतात.

कमी करायचा, बंद करू नकोस. पाच-सहा वर्षं तबला शिकलेली मुलं जूनमध्ये क्लास सोडतात, ‘मार्चनंतर परत बसू’ म्हणतात, आणि मार्चनंतर बसत नाहीत. हात जड झालेला असतो, बरोबरीचे पुढे गेलेले असतात, मग लाज वाटते. पाठोपाठ अकरावी-बारावी येते आणि ती दहावीपेक्षाही गर्दीची असते. दहावीत सुटलेला छंद पुष्कळदा कायमचाच सुटतो.

शिवाय छंदाचा वाचलेला वेळ अभ्यासाला मिळतो, हा हिशेबही जमत नाही. संध्याकाळचा मैदानावरचा तास काढून घेतला की त्या जागी बहुधा मोबाईल येऊन बसतो. खेळून, गाऊन किंवा चित्र काढून आलेलं मूल पुस्तकापाशी बसतं तेव्हा त्याचं डोकं मोकळं असतं. रील पाहून उठलेल्याचं तसं नसतं.

२. मग रोज किती वेळ द्यायचा? आकडा सांगा.

प्रिलिमपर्यंत रोज अर्धा ते पाऊण तास आणि रविवारी थोडा जास्त. प्रिलिमनंतर रोज वीस-पंचवीस मिनिटं. पण कोणता छंद आहे, त्यावर बरंच अवलंबून आहे. काही छंद लहान करता येतात, काही येत नाहीत.

गाणं, तबला, हार्मोनियम या गोष्टी सहज लहान होतात. नवीन राग किंवा तबल्याचा नवा कायदा घ्यायचा नाही. आलेलंच सकाळी वीस मिनिटं घोटायचं. चित्रकलेत मोठा कागद, जलरंग, पार्श्वभूमी हे सगळं सुट्टीसाठी ठेव आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलने समोर दिसेल ते काढ. बुद्धिबळात रोज दोन-तीन कोडी सोडव, मात्र ऑनलाइन झटपट डावांपासून लांब राहा. एक हरलास की दुसरा, दुसरा हरलास की तिसरा, असा तास निघून जातो. वाचनात कथा आणि लेख घे, पाचशे पानांची कादंबरी नको.

क्रिकेटचं अवघड आहे. सामना म्हटला की दोन-तीन तास जातात, मित्र निघू देत नाहीत, आणि ‘शेवटची ओव्हर’ कधीच शेवटची नसते. दहावीपुरतं सामना सोडून अर्धा तास पळणं, दोरीच्या उड्या किंवा बॅडमिंटन असं काहीतरी धर. पोहणाऱ्यांनीही जाण्यायेण्याचा वेळ धरूनच हिशेब करावा.

स्पर्धा, कार्यक्रम आणि नवीन क्लास या तीन गोष्टींना डिसेंबर ते मार्च स्पष्ट नाही म्हणायचं. छंदाचा खरा वेळ तालमी आणि प्रवासच खातात.

३. नेमका कधीपासून कमी करू? आत्तापासूनच सगळे घाबरवताहेत.

वर्षभर घाबरून राहण्याची गरज नाही. साधारण क्रम असा असतो: जानेवारीत प्रिलिम, फेब्रुवारीत प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा, मग लेखी. पूर्वी दहावीची लेखी परीक्षा मार्चची म्हणूनच ओळखली जायची, आता ती फेब्रुवारीतच सुरू होते. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपली. खरी कसोटी प्रिलिम ते शेवटचा पेपर या दोन-अडीच महिन्यांचीच. जून ते डिसेंबर नेहमीसारखं जगत नियमित अभ्यास केलेल्या मुलाला या काळात फार काही कापावं लागत नाही.

४. दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी असते. त्या दिवशी खेळलं तर चालेल का?

चालेल, पण लिहिता हात सांभाळून. सीझनचा चेंडू, यष्टीरक्षण, कबड्डी, व्हॉलीबॉल, सायकलवरच्या कसरती, आंब्याच्या झाडावर चढणं हे शेवटच्या पेपरानंतर. बोट मुरगळल्यामुळे लेखनिकासाठी धावपळ करणारे आईवडील मी पाहिले आहेत. नियमात सोय असते, पण ऐन वेळी परवानगी मिळवताना सगळ्यांचेच हाल होतात.

पेपराच्या दिवसाबद्दलही थोडं. भाषांचे पेपर अकरा ते दोन दहा. त्यातली शेवटची दहा मिनिटं वाढवून दिलेली असतात. घरी येऊन जेवेपर्यंत तीन-साडेतीन होतात आणि डोकं रिकामं झालेलं असतं. तेव्हा लगेच पुढचं पुस्तक उघडू नये. तासभर झोप, मग पाचला अर्धा तास बाहेर. उत्तरं ताडून पाहणाऱ्या घोळक्यात तो अर्धा तास घालवू नकोस.

५. होळी आणि धुळवड नेमकी पेपरांत येते. आमच्याकडे कोकणात तर शिमगा असतो. काय करायचं?

बहुतेक वर्षी हे होतंच. २०२५ ला धुळवड १४ मार्चला होती आणि इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर १५ला. असं असेल तेव्हा संध्याकाळी होळीला नैवेद्य दाखव, पुरणपोळी खा, पण रंग नको. डोळ्यात रंग गेला किंवा रात्रभर पाण्यात भिजून ताप आला तर पेपरच्या दिवशी इलाज नसतो. रंगपंचमीचंही तेच.

कोकणातला प्रश्न मात्र मोठा आहे, तो ‘यंदा जाऊ नको’ म्हणून सुटत नाही. पालखी घरी येते, ती वर्षातून एकदाच. तू गावातच राहत असशील तर पालखी अंगणात येईल तेव्हा पुस्तक मिटून बाहेर ये, दर्शन घे, थोडा वेळ ढोल वाजव. मुंबई-पुण्याहून जाणार असशील तर पेपरांच्या मध्ये रात्रीचा प्रवास करू नकोस. शिमगा काही ठिकाणी बरेच दिवस चालतो. शेवटच्या पेपरानंतर गावाला काय शिल्लक आहे, ते आधी विचारून ठेव.

६. मला रात्रीच सुचतं. चित्र काढत, गाणी ऐकत दोन वाजतात. सकाळी आई ओरडते.

तुझ्या वयात झोपेचं घड्याळ खरंच पुढे सरकतं. तो आळस नाही. पण चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते आणि पेपर सकाळी अकराला असतो, या दोन गोष्टी बदलत नाहीत. दोनला झोपून सातला उठणारा मुलगा पाच तासांच्या झोपेवर भूमिती सोडवायला बसतो. लेखी परीक्षेच्या निदान दोन आठवडे आधी झोपेची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आण. रात्रीचं चित्र संध्याकाळी हलव. सुरुवातीचे तीन-चार दिवस काहीच सुचणार नाही, मग सुचायला लागतं.

७. मोबाईलवर खेळणं हा छंद धरता येतो का? मी चांगला खेळतो.

छंद धरता येईल, पण परीक्षेच्या काळात चालण्यासारखा तो नाही. कारण साधं आहे: बंद कधी करायचं हे तू ठरवत नाहीस. चार मित्रांची टोळी जोडलेली असते, मधूनच उठलास तर ते चिडतात. प्रिलिमपासून शेवटच्या पेपरापर्यंत तो खेळ फोनमधून काढून टाक आणि मित्रांना तसं सांग. खातं जात नाही, परत टाकल्यावर सगळं तिथेच असतं.

आणखी एक सांगून ठेवते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. ‘थोडेच टाक, दुप्पट होतील’ म्हणून कोणी दुवा पाठवला तर तो उघडूही नकोस. पैसे आधीच गेले असतील तर घरी आजच सांग. रागावतील, पण उद्या सांगितलंस तर रक्कम मोठी असेल.

८. मी आई आहे. मुलाची गिटार माळ्यावर टाकली. आता तो अभ्यासही करत नाही आणि बोलतही नाही. चुकलं का माझं?

तुमची काळजी खरी आहे, पण गिटार आज खाली काढा. शिक्षा म्हणून काढून घेतलेली वस्तू मुलाच्या डोक्यात चोवीस तास वाजत राहते. खाली काढताना व्याख्यान नको. एवढंच म्हणा, ‘जेवणाआधी अर्धा तास वाजव, मी ऐकते.’ आणि खरंच ऐका. एक गाणं पुरे.

‘ऐंशी टक्के मिळाले तर नवीन गिटार घेऊ’ हे आमिषही दाखवू नका. त्याने वाद्याचं बक्षीस होतं आणि गुण कमी पडले की मूल वाद्यालाच टाळायला लागतं. वेळेवरून रोजच वाद होत असेल, तर प्रश्न २ मधली मर्यादा दोघांनी मिळून कागदावर लिहा आणि तो कागद भिंतीवर लावा. मग भांडण कागदाशी होतं.

९. चित्रकलेचे आणि खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणे. मग छंद त्यासाठीच करावा का?

गुण मिळतात हे खरं. कला संचालनालयाची इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना श्रेणीप्रमाणे, तसंच शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला आणि ठरावीक पातळीवरच्या क्रीडा स्पर्धांसाठी नियमाप्रमाणे वाढीव गुण असतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, आणि कलेच्या गुणांची मुदत लेखी परीक्षेच्या आधीच संपते. प्रमाणपत्राची प्रत वर्गशिक्षकांकडे डिसेंबरातच देऊन ठेव. कागद उशिरा दिल्यामुळे हक्काचे गुण गेलेली मुलं दरवर्षी भेटतात.

फक्त गुणांसाठी करावं का? आठवीत चित्रकला आवडतच नसेल, तर सात-आठ महिने स्थिरचित्र आणि संकल्पचित्राच्या क्लासला घासून जे मिळतं, ते एखाद्या विषयाच्या नीट अभ्यासानेही मिळतं. आवडत असेल तर परीक्षा जरूर दे, पण नववीतच. दहावीत ती पहिल्या सहामाहीच्या आसपास येऊन अंगावर पडते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. दहावीच्या मुलाने दुसरं सत्र सोडावं आणि एप्रिल-मे धरावं. बोर्डाचे पेपर संपल्यावर तयारीला थोडा वेळ मिळतो.

१०. मी नववीत. माझी परीक्षा एप्रिलमध्ये आणि तेव्हाच आयपीएल! दहावीवाले मजेत बघतात.

बरोबर आहे, दहावीचा शेवटचा पेपर मार्चच्या मध्यावर आणि स्पर्धा बहुतेक त्यानंतर सुरू होते. नववीचंच नशीब वाईट. रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो आणि अकरा वाजून जातात. आठवड्यातून एकच, आवडत्या संघाचा, पूर्ण बघ. बाकीच्यांची धावफलकावर नजर पुरे. रोज थोडं-थोडं बघायचं ठरवलंस तर रोज पूर्ण बघशील.

११. पेपर संपले. खूप आनंद होईल वाटलं होतं, पण काहीच करावंसं वाटत नाही. छंदसुद्धा नको वाटतो.

हा प्रश्न मार्चच्या शेवटी सगळ्यात जास्त येतो आणि मुलं तो रात्री उशिरा विचारतात. वर्षभर कोणीतरी उठवत होतं, बसवत होतं, वेळापत्रक होतं. ते एका दुपारी संपतं. त्यानंतर पोकळी वाटणं साहजिक आहे. पहिला आठवडा काहीही ठरवू नकोस. झोप, खा, आजीकडे जा, कपाट आवर. छंद आपणहून आठवेपर्यंत थांब. साधारण आठवड्या-दहा दिवसांत हात शिवशिवायला लागतो.

दोन-तीन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, सारखं रडू येतंय किंवा जगूच नये असं वाटतंय, तर ती पोकळी नव्हे. घरातल्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांग. सांगता येत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही फोन मोफत आहेत. तिथे बोलणारी माणसं रागावत नाहीत.

१२. सुट्टीत पैसे न खर्चता करण्यासारखं काय आहे? आमच्या गावात शिबिरं वगैरे काही नसतात.

शिबिरं नसलेल्या गावात उन्हाळा जास्त मोठा असतो, हे माझं मनापासूनचं मत. डोळे उघडे ठेवलेस तर मार्च ते जून पुरणार नाहीत.

झाडांपासून सुरू कर. पळस, पांगारा आणि काटेसावर मार्चमध्ये फुलून ओसरत असतात, पिंपळाला तांबूस कोवळी पालवी असते. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळाधमक होतो, गुलमोहर पेटतो, आणि ताम्हण जांभळी होते. ताम्हण हे आपलं राज्यफूल, पण ते ओळखणारी मुलं फार थोडी. एकच झाड निवड आणि दर चार दिवसांनी त्याचं चित्र काढ, तारीख लिही. पानगळ, कळी, फूल, शेंग असा सगळा प्रवास वहीत येतो.

पक्ष्यांसाठी दुर्बीण लागत नाही. दुपारभर ‘टुक टुक टुक’ असा ठोका ऐकू येतो तो तांबट. पहाटे गाणारा काळा-पांढरा दयाळ. कुऊ-कुऊ ओरडणारा नर कोकिळ काळा असतो. ठिपक्यांची मादी कावळ्याच्या घरट्याजवळ घुटमळताना दिसेल. मे महिन्यात पावशा ‘पेरते व्हा’ सुरू करतो, आणि पाऊस जवळ आला की नवरंग येतो. मातीच्या पसरट भांड्यात सावलीत पाणी ठेव आणि ते रोज बदल. पक्षी तुझ्याकडे येतील.

रात्री गच्चीवर झोपायला मिळत असेल तर आकाश फुकट आहे. एप्रिलच्या शेवटी साडेआठच्या सुमाराला मृग आणि व्याध पश्चिमेला उतरत असतात, उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे ओढलीस की केशरी झाक असलेली स्वाती लागते, आणखी पुढे पांढरी चित्रा. मेमध्ये रात्री उशिरा आग्नेयेला वृश्चिक वर आलेला दिसतो, त्याच्या पोटातली लालसर ज्येष्ठा चुकत नाही.

आणि शून्य सावली. आपल्याकडे मे महिन्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, पुण्यात १३, मुंबईत १५, नाशिकला २०, नागपूरला २६ मेच्या आसपास. वेळ साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे, पूर्वेकडच्या गावांत थोडी आधी. सपाट जागी पाण्याचा पेला उपडा ठेव आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीची कड खडूने आख. जुलै-ऑगस्टमध्ये हे पुन्हा घडतं, पण तेव्हा ढग असतात.

घरातही काम आहे. कुरडया, पापड, सांडगे याच दिवसांत होतात. राखण करणं आणि पापडाच्या लाट्या खाणं एवढ्यावर थांबू नकोस. गहू किती दिवस भिजवला, चीक कसा शिजवला, मीठ किती घातलं हे आजीला विचारून लिहून घे. तिचं माप मुठीचं आणि वाटीचं असतं. ती मूठ वजनकाट्यावर मोजून ठेव. हा छंद मी जितक्या मुलांना सुचवला तितक्यांनी मनापासून केला, मुलग्यांनी जास्त.

वाचायला काही नसेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

१३. टायपिंग, एमएस-सीआयटी, स्पोकन इंग्लिश, स्केटिंग, वैदिक गणित... घरचे सगळं लावा म्हणतात. कशाकशाला हो म्हणू?

एकालाच. उपयोगाचं एक आणि आवडीचं एक असं हवंच असेल तर आवडीचं घरीच कर. उपयोगाच्यात मला टायपिंग सर्वांत पटतं. मराठी टायपिंग येणारा मुलगा पुढे कुठेही अडत नाही, आणि बोटांना लागलेली सवय जात नाही. एका दिवसात तीन वर्ग घेतलेस तर सुट्टीचं पुन्हा वेळापत्रक होईल. दुपार मोकळीच राहू दे. पत्ते, कॅरम आणि लोळणं हीसुद्धा सुट्टीची कामं आहेत.

१४. गावी विहिरीत पोहायला शिकायचंय. आई नाही म्हणते.

आईचं भय खरं आहे, आणि शिकायची इच्छाही योग्य आहे. पोहता येणं हे आयुष्यभराचं कौशल्य आहे, म्हणून नीट शिक. पाठीला सुका भोपळा, हवाबंद डबा किंवा ट्यूब बांधलेली असावी. उत्तम पोहणारा मोठा माणूस पाण्यात असावा; काठावर बसलेला चालत नाही. विहिरीला पायऱ्या हव्यात, दोर सोडलेला हवा. धरणाच्या फुगवट्यात गाळ असतो आणि दगडखाणीच्या खड्ड्यात काठ एकदम संपतो. या दोन ठिकाणी पोहता येणाऱ्यानेही उतरू नये.

मित्र बुडत असेल तर त्याच्यामागे उडी मारू नकोस. दोर, ओढणी, बांबू, रिकामा कॅन, हाताला येईल ते फेक आणि ओरडून माणसं गोळा कर. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला घट्ट धरतो, आणि उन्हाळ्यात दोन-दोन मुलं एकदम जातात ती यामुळेच. समुद्राचंही सांगते: मे संपता-संपता लाटा बदलतात. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून बंद असते, तिथे आपण कशाला?

१५. उन्हाळ्यात गडावर जावं का? आणि काजवे बघायला?

गड उन्हाळ्यात अवघड असतो, पण जाता येतं. पहाटे अंधारात चढायला लागायचं आणि दहा-साडेदहाला खाली यायचं. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यायचं, कारण मेमध्ये पुष्कळ टाक्या आटतात. टोपी, मीठ-साखरेचं पाणी, सुती पूर्ण बाह्या. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर गेला की अकरा ते चार घरातच बरं.

काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला जातात. वळवाचा पाऊस झाला की ते वाढतात. झाडावर टॉर्च मारू नकोस आणि काजवे बाटलीत भरू नकोस. ते लुकलुकतात ते जोडीदार शोधण्यासाठी आणि आपल्या उजेडात त्यांची खूण हरवते. घरच्या मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये.

१६. सुट्टीत स्कूटर शिकू का? आणि काही काम करून पैसे मिळवले तर चालतं का?

स्कूटर: सोळा पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा परवाना मिळतो, बाकी दुचाकींना अठरा. घरातल्या नेहमीच्या स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असतात, म्हणजे तुला अजून नाहीच. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘गल्लीतच चालवतो’ हे कारण कायद्यात नाही. सायकल काढ, साखळी बसवायला आणि पंक्चर काढायला शिक.

काम: चौदा पूर्ण असतील तर धोकादायक नसलेलं काम करता येतं, पण संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही. खाण, स्फोटकं, ज्वलनशील पदार्थ या ठिकाणी अठरापर्यंत बंदी आहे. आंब्याच्या पेट्या भरायला घरच्यांना मदत, लहान मुलांची शिकवणी, रसवंतीच्या गल्ल्यावर दुपारी बसणं यांतून बरंच शिकायला मिळतं. पहिल्या कमाईतून छंदाची वस्तू घे.

१७. मी सीबीएसईचा. माझी अकरावी एप्रिलमध्येच सुरू होते. आणि राज्य मंडळातल्यांनाही फाउंडेशन क्लासवाले लगेच बोलावतात. मग सुट्टी कुठाय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीबीएसईची दहावी २०२६ पासून वर्षातून दोनदा घेण्याचं ठरलं. पहिली परीक्षा सर्वांसाठी, दुसरी मेमध्ये, ज्यांना हवी त्यांच्यासाठी आणि जास्तीत जास्त तीन विषयांत. थोडे गुण वाढतील एवढ्याच आशेने मे घालवायचा का, हे पहिला निकाल बघून शांतपणे ठरव. शाळा एप्रिलमध्ये असली तरी संध्याकाळ तुझीच आहे, तिथे प्रश्न २ चा हिशेब धर.

फाउंडेशनबद्दल माझं मत ठाम आहे. राज्य मंडळाची शेवटची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मेमध्ये लागतो. २०२५ ला तो १३ मेला लागला. शाखा अजून ठरायची आहे. एप्रिलमध्ये ‘जागा संपतील’ म्हणणाऱ्या क्लासला जूनमध्येही जागा असतात. विज्ञानाला जायचं नक्की असेल तर मेच्या मध्यापासून रोज दोन तास पुरेत. एप्रिल कोणालाही देऊ नकोस.

१८. आम्ही गोव्यात राहतो. आमची शाळा तर एप्रिलमध्येच परत सुरू होते. आम्ही काय करायचं?

२०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचं नवीन वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं. पण वर्ग सकाळचे असतात आणि मे मोकळा असतो, म्हणजे दहावीत पाऊल टाकणाऱ्यांना एप्रिलची दुपार आणि पूर्ण मे मिळतो. मोठा छंद मेमध्ये घ्या, एप्रिलमध्ये रोजचा लहान. आकाश, शून्य सावली आणि पक्ष्यांचं प्रश्न १२ मध्ये आहे. तुमच्याकडे शून्य सावली कोल्हापूरच्याही आधी, मेच्या सुरुवातीलाच येते.

१९. एका विषयात गेलो. जुलैची परीक्षा द्यायची आहे. आता सुट्टीतला छंद सोडावा लागेल ना?

आधी धीर धर. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश घेता येतो. पुरवणी परीक्षेला ‘जुलैची’ म्हणतात, पण २०२५ ला ती २४ जूनलाच सुरू झाली होती, म्हणजे निकालापासून जेमतेम सहा आठवडे. निकाल लागल्याबरोबर शाळेत जाऊन अर्ज भर, नियमित शुल्काची मुदत लहान असते.

एकाच विषयासाठी सकाळचे तीन तास आणि रात्रीचा एक तास पुष्कळ झाला. उरलेला दिवस भिंतीकडे बघत बसलास तर तो विषय आणखी जड होईल. नातेवाईक ‘नापास झाला आणि पेटी वाजवतोय’ म्हणतील. म्हणू देत. घरच्यांना हे उत्तर आणि प्रश्न ८ वाचायला दे, आणि पेटी संध्याकाळी अर्धा तास वाजव.